ॲक्रनचे ते घर

ओहायो राज्यातील क्लीव्हलंड परिसरात मुला-मुलींकडे चार-सहा महिने राहावयास जाणाऱ्या आई-वडिलांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. नायगाराचा धबधबा, ईरी सरोवराचा काठ, रविवारी रिचफील्ड येथील जैन केंद्रात दर्शन आणि उरलेला वेळ नातवंडांसाठी. रिचफील्डहून दक्षिणेस मोटारीने जेमतेम अर्ध्या तासावर ॲक्रन नावाचे शहर आहे. तेथे पाहण्यासारखे काय, असे विचारले तर अनेकांकडून ‘टायरचे गाव’ एवढेच उत्तर मिळते. तरीही दरवर्षी जून महिन्यात देशोदेशींची हजारो माणसे त्या गावी येतात. ती कारखाने पाहण्यासाठी येत नाहीत. एका डॉक्टरांचे राहते घर पाहण्यासाठी येतात. हे डॉक्टर काही फार मोठे शल्यविशारद म्हणून गाजलेले नव्हते. ते मद्यपी होते, कर्जात बुडालेले होते आणि १९३५ सालच्या एका दिवशी ते इस्पितळातून वेळेवर घरी परतले नाहीत. लोक येतात ते त्या उशिराच्या आठवणीसाठी.

ॲक्रन या नावाचे मूळ ग्रीक शब्दात आहे. अर्थ उंचावरची जागा. ईरी सरोवर व ओहायो नदी यांना जोडणारा कालवा १८२५ साली खणावयास घेतला, तेव्हा त्याच्या वाटेवरचा उंच टप्पा येथे आला. पाण्याचे दरवाजे बांधून होड्या पायरीपायरीने वर चढवाव्या लागत. त्यात वेळ जाई, म्हणून माणसे थांबत. माणसे थांबली म्हणून दुकाने झाली. बाजारपेठा बहुधा अशाच वसतात. पुढे १८७० मध्ये गुडरिच यांनी येथे रबराचा कारखाना काढला, १८९८ मध्ये फ्रँक सायबरलिंग यांनी गुडइयर स्थापिली, १९०० मध्ये फायरस्टोन आले, आणि मोटारींचे युग सुरू होताच गाव बघता बघता श्रीमंत झाले. सायबरलिंग यांनी १९१२ ते १९१५ या काळात ‘स्टॅन हायवेट’ नावाचा साठाहून अधिक दालनांचा वाडा बांधला. त्याच्या प्रवेशद्वारावर ‘केवळ आमच्यासाठी नव्हे’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे कोरलेली आहेत. १९२१ मध्ये गुडइयर त्यांच्या हातून गेली. पेढी गेली, वाडा राहिला. आज तो वाडा व त्याची बाग तिकीट काढून पाहता येते, आणि उद्यानप्रेमी माणसाने ती अवश्य पाहावी. पण या लेखाचा विषय त्या वाड्याच्या फाटकाजवळचे लहानसे घर आहे. तेथे जाण्यापूर्वी गावाच्या मुख्य रस्त्यावर थोडे थांबले पाहिजे.

या रस्त्यावर मेफ्लॉवर हॉटेलची उंच इमारत अद्याप उभी आहे. हॉटेल १९३१ साली उघडले. आता तेथे भाडेकरूंची बिऱ्हाडे आहेत. ११ मे १९३५ हा शनिवार होता. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उमेदवारी केलेला बिल विल्सन नावाचा चाळिशीच्या उंबरठ्यावरचा गृहस्थ त्या दिवशी या हॉटेलच्या दिवाणखान्यात येरझाऱ्या घालीत होता. यंत्रे बनविणाऱ्या येथील एका कंपनीचा ताबा मिळविण्यासाठी भागधारकांची मते गोळा करण्याची चढाओढ चालली होती; तीत त्याचा पक्ष हरला होता. सोबती परत गेले होते. खिशात सुमारे दहा डॉलर उरले होते. दिवाणखान्याच्या एका टोकास मद्यालय होते व तेथून हसण्या-बोलण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या टोकास दूरध्वनी होता व त्याजवळ गावातील चर्चची यादी होती. ज्याने आयुष्यात एखादा मोठा सौदा गमावला आहे व परगावी एकट्याने शनिवार काढला आहे, त्याला ती वेळ निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

विल्सन स्वतः मद्यपी. डिसेंबर १९३४ मध्ये त्याची दारू सुटली होती. मधल्या पाच महिन्यांत त्याने न्यूयॉर्कमधील अनेक मद्यप्यांना उपदेश केला. त्यांतील एकाचीही सुटली नाही. परंतु एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. ज्या दिवशी तो दुसऱ्या मद्यप्याजवळ बसे, त्या दिवशी त्याची स्वतःची पिण्याची वासना शांत राही. म्हणून तो मद्यालयाकडे न वळता दूरध्वनीकडे वळला, आणि एका धर्मगुरूला त्याने जे विचारले ते ऐकून कोणीही चकित झाले असते. त्याला मदत करणारा सज्जन नको होता. त्याला गावातला एखादा मद्यपी हवा होता. बरेच दूरध्वनी झाल्यावर त्याची गाठ हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंशी पडली. त्या फ्रँक सायबरलिंग यांच्या स्नुषा. वाड्याच्या फाटकाजवळच्या घरात मुलांसह राहत. त्यांच्या ओळखीत तसा एक माणूस होता, आणि तो डॉक्टर होता.

डॉक्टर रॉबर्ट स्मिथ त्या शनिवारी येऊ शकले नाहीत. दुसऱ्या दिवशी मातृदिन होता. त्यासाठी पत्नीला भेट म्हणून त्यांनी एक मोठे कुंडीतले झाड घरी आणले होते, आणि आणणारा स्वतः शुद्धीवर नव्हता. रविवारी, १२ मे रोजी, सायंकाळी पाच वाजता ते पत्नी ॲन व मुलगा यांच्यासह फाटकाजवळच्या घरी आले. पंधरा मिनिटांपेक्षा अधिक थांबणार नाही, असे त्यांनी आधीच बजावले होते. ते निघाले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. त्या घरातील ज्या खोलीत दोघे बसले ती आज पाहावयास मिळते. खोली अगदी साधी आहे. तेथे काय घडले हे सांगताना डॉक्टरांनी पुढे लिहून ठेवले की, दारूविषयी स्वतःच्या अनुभवातून बोलणारा हा त्यांना भेटलेला पहिला मनुष्य. विल्सनने त्यांना काही शिकविले नाही. त्याने आपले सांगितले. बायकोच्या कमाईवर जगणे, खोटी वचने, इस्पितळातील रात्री, सारे सांगितले; आणि समोरचा पंचावन्न वर्षांचा, भिडस्त व करड्या स्वभावाचा शल्यविशारद आपलेही सांगू लागला.

ॲक्रनच्या पश्चिम भागात आर्डमोर ॲव्हेन्यूवर ८५५ क्रमांकाचे घर आहे. दुमजली, पुढे ओसरी, मध्यमवर्गीय वळणाचे. २०१२ साली ते राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून घोषित झाले. दारात स्वयंसेवक उभे असतात. पाहुणा कोणत्याही देशाचा असो, ‘घरी या’ अशा अर्थाच्या शब्दांनी त्याचे स्वागत करतात. स्वयंपाकघरात मेज आणि कॉफीचे भांडे. ॲन स्मिथ यांनी याच मेजाशी बसून शेकडो मद्यप्यांच्या बायकांचे ऐकून घेतले. परंतु या घरातील खरी पाहण्याजोगी जागा तळघर आहे. डॉक्टर आपली बाटली तेथे कोळशाच्या कोठीत लपवीत, तुळयांवर ठेवीत, राखेच्या डब्यात पुरीत. वर दाराच्या चौकटीवर, जुन्या पेट्यांत, धुण्याचे कपडे खाली टाकण्याच्या नळकांड्यात. पायमोज्यात मावतील अशा लहान बाटल्याही त्यांच्यापाशी असत. ही सारी यादी त्यांनी स्वतःच लिहून ठेविली आहे. रुग्णांना सकाळी तपासावयाचे असल्याने दिवसा हात स्थिर राहावेत म्हणून झोपेची औषधे, व रात्री झोप यावी म्हणून दारू, असे चक्र वर्षानुवर्षे चालले. ॲनला वचने दिली जात. ती मोडली जात. मोडल्यावर पुन्हा लपविणे.

येथे थोडे भाषेकडे पाहणे उपयोगी ठरेल. मराठीत लाजेचे सारे वाक्प्रचार चेहऱ्याभोवती फिरतात. तोंड काळे होते, मान खाली जाते, नाक कापले जाते, तोंड दाखवायला जागा उरत नाही. केलेल्या कृत्याची खंत मात्र चेहऱ्यावर नसते. ती आत असते: मन खाते, टोचणी लागते, काळजात सल राहतो. मानसशास्त्राने पुष्कळ उशिरा मांडलेला भेद आजीच्या बोलण्यात आधीपासून होता. खंत कृत्याकडे बोट दाखविते, लाज माणसाकडे. एखाद्याने घरातील सोने गहाण टाकून पैसे पिण्यात घालविले, तर सोने सोडवून आणण्याचा मार्ग, कितीही कठीण असला, तरी असतो. पण ‘मी मुळातच नासका आहे’ असे एकदा मनाने घेतले की सोडविण्यासारखे काही उरतच नाही. मग चेहरा लपविणे एवढे एकच काम राहते, आणि चेहरा लपविण्यास बाटलीसारखी सोयीची जागा नाही. पितो म्हणून लाज वाटते व लाज सोसवत नाही म्हणून पितो. आर्डमोर ॲव्हेन्यूचे तळघर या चक्राचे जणू प्रदर्शन आहे. ‘याला काही लाज आहे का?’ असा प्रश्न मद्यप्याच्या घरात वारंवार विचारला जातो. तो प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाने ते तळघर पाहावे. लाज त्याच्यापाशी गरजेपेक्षा फार अधिक असते.

विल्सन त्या उन्हाळ्यात डॉक्टरांच्याच घरी राहावयास आला. काही दिवस चांगले गेले. विल्सन व त्याचे सोबती ज्या पद्धतीने चालत होते तीत एक अट होती: ज्यांचे नुकसान केले त्यांच्याकडे स्वतः जाऊन ते कबूल करावे व भरून द्यावे. बाकी सर्व डॉक्टरांना मान्य होते. ही एक गोष्ट नव्हती. त्यांचा युक्तिवाद व्यवहारी होता. शस्त्रक्रिया करणाऱ्याने ‘मी दारुडा आहे’ असे गावभर सांगितले तर उरलेसुरले रुग्णही जातील. घर गहाण आहे, दोन मुले शिकत आहेत, खावयाचे काय? पेढीची पत सांभाळणाऱ्या कोणत्याही घरात हा युक्तिवाद जसाच्या तसा ऐकू येईल, आणि तो खोटा आहे असे सहजासहजी म्हणताही येणार नाही.

जूनच्या आरंभी डॉक्टर अटलांटिक सिटी येथे वैद्यकीय अधिवेशनास गेले. आगगाडीतच पिणे सुरू झाले. चार-पाच दिवसांनी ते परत आले ते शुद्ध हरपून. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना एक शस्त्रक्रिया करावयाची होती, आणि ती दुसऱ्या कोणावर सोपविण्याजोगी नव्हती. हात थरथरत होते. इस्पितळाच्या दाराशी विल्सनने त्यांना बिअरची एक बाटली दिली, हात स्थिर राहावेत एवढ्यासाठी. (आजच्या काळात असे काही ऐकले तर रुग्णाच्या नातलगांनी इस्पितळ डोक्यावर घेतले असते, व ते योग्यच झाले असते.) ती त्यांची शेवटची दारू. परंपरेने हा दिवस १० जून १९३५ मानला जातो व ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संस्थेचा जन्मदिवस म्हणून पाळला जातो. अधिवेशनाच्या तारखांशी हा दिवस जुळत नाही, तो आठवडाभराने पुढचा असावा, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. हिशेबी माणसाला अशी चूक खटकते, पण घटनेला त्याने बाधा येत नाही.

शस्त्रक्रिया आटोपली. डॉक्टर घरी आले नाहीत. दुपार गेली, संध्याकाळ झाली. ॲन आणि विल्सन स्वयंपाकघरात वाट पाहत बसले. ज्या घरात मद्यपी आहे तेथील प्रत्येकाला ही वाट पाहणे ठाऊक असते. कोणी काही बोलत नाही. रस्त्यावरून मोटार गेली की कान टवकारतात. मनात एकच चित्र असते.

डॉक्टर पीत नव्हते. ते मोटार घेऊन गावभर हिंडत होते. ज्यांचे पैसे द्यावयाचे होते त्यांच्या दारी गेले. ज्यांना दुखविले, फसविले, टाळले, त्यांच्या दारी गेले. प्रत्येक दारात उभे राहून त्यांनी आपल्या व्यसनाचे सांगितले व देणे कसे फेडता येईल याची बोलणी केली. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या या संस्थेच्या मूळ पुस्तकात त्या दिवसाची हकिगत नाव न घेता आली आहे. ते थरथरत हिंडत होते, कारण धंदा बुडेल हे भय खरे होते. परंतु लोकांनी त्यांना अनपेक्षित आदराने घरात घेतले. आणि ज्या गुपितासाठी तळघराच्या तुळया वापरल्या गेल्या ते त्यांतील अनेकांना आधीपासून ठाऊक होते! रात्री उशिरा डॉक्टर घरी परतले. फार थकलेले आणि फार आनंदी. पुढे पंधरा वर्षे, मृत्यूपर्यंत, त्यांनी दारूला स्पर्श केला नाही.

घेणेकऱ्यांनी त्या दिवशी त्यांना एक डॉलरही सोडला नाही. देणे जसेच्या तसे राहिले. मग हलके झाले ते काय?

बँकेत कर्जवसुलीचे काम करणाऱ्या कोणासही थकबाकीदारांचे दोन प्रकार ओळखू येतात. एक जण हप्ता चुकताच रस्ता बदलतो. दूरध्वनी मुलाला उचलायला लावतो, दुकानाच्या मागच्या दाराने जातो, लग्नात शाखाधिकारी दिसला तर जेवण न करता निघतो. दुसरा त्याच आठवड्यात समोर येऊन बसतो व सांगतो, माल अडकला आहे, एवढे आज घ्या, उरलेल्याचे काय करावयाचे ते ठरवू. पैसे दोघांपाशीही नसतात. पण दुसऱ्याच्या कर्जाची पुनर्बांधणी होऊ शकते. पहिल्याला मुद्दल व व्याजाखेरीज चुकविण्याचा एक वेगळाच कर रोज भरावा लागतो, आणि कालांतराने तोच सर्वांत जड होतो. डॉक्टर स्मिथ यांचे त्या रात्री जे उतरले ते बहुधा हे होते.

या संस्थेच्या बारा पायऱ्या प्रसिद्ध आहेत. चौथी पायरी आपल्या दोषांची निर्भय मोजदाद करण्याची. मूळ पुस्तकात तिला दुकानातील मालमोजणीची उपमा दिली आहे. नासका माल कोणता हे न पाहणारा दुकानदार दिवाळखोर होतो, हे व्यापारी वाचकास सांगावयास नको. पाचवी पायरी ते दोष दुसऱ्या माणसापुढे उच्चारण्याची, आठवी ज्यांना दुखविले त्यांची यादी करण्याची, नववी त्यांची भरपाई करण्याची. मात्र त्या कबुलीने त्यांना वा इतर कोणाला इजा होणार असेल तेथे गप्प राहावे, अशी जोड तीत आहे. आपले ओझे उतरविण्यासाठी दुसऱ्याचा संसार मोडू नये, हे शहाणपण मोठे आहे. बाराही पायऱ्या वाचून पाहिल्या तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. ‘स्वतःला क्षमा करा’ असे त्यांत कोठेही सांगितलेले नाही. आजकाल हा सल्ला स्वस्तात मिळतो, पण व्यसनातून उठू पाहणाऱ्या माणसाला तो पचत नाही, आणि न पचण्याचे कारण योग्य आहे. आपले कर्ज आपणच निर्लेखित करण्याचा अधिकार ऋणकोला नसतो, हे त्याला आत कोठेतरी कळत असते.

परंतु याची दुसरीही बाजू आहे आणि ती अधिक करुण आहे. शेतीवर कर्ज काढले की सातबाऱ्याच्या उताऱ्यावर बँकेचा बोजा चढतो. कर्ज फिटल्यावर बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जावे लागते, तेव्हा तो उतरतो. आपोआप उतरत नाही. कितीतरी शेतकरी शेवटचा हप्ता भरून घरी जातात व पुढचे काम विसरतात. वीस वर्षांनी मुलगा जमीन विकावयास निघतो तेव्हा न उरलेल्या कर्जाचा बोजा उताऱ्यावर तसाच असतो. दारू सोडून बारा-पंधरा वर्षे झालेली, घर सावरलेली, मुलांची लग्ने केलेली अशी माणसे असतात की जी भावाच्या पंगतीला बसताना अजूनही शेवटचे पान शोधतात. त्यांचे देणे फिटलेले असते. दाखला घ्यावयास जाण्याचे धैर्य मात्र त्यांना झालेले नसते, आणि घरचेही कोणी ‘चल, आपण जाऊन येऊ’ असे म्हणत नाही.

जैन घरांत हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. मद्य व द्यूत ही सप्तव्यसनांत मोजलेली आहेत. प्रायश्चित्ताच्या प्रकारांत पहिली आलोचना. म्हणजे गुरूसमोर, काहीही न लपविता, आपला दोष शब्दांत सांगणे. तत्त्वार्थसूत्राने व्रतधारी कोणाला म्हणावे याची खूण शल्यरहित असणे ही सांगितली आहे, व तीन शल्यांपैकी माया, म्हणजे कपट, हे एक मानले आहे. शल्य म्हणजे आत राहिलेला काटा. जखम वरून भरली तरी तो आत ठणकत असतो. प्रतिक्रमण हा तर रोजचा रोजमेळ. तरीही व्यवहार पाहावा तर संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी ‘मिच्छामि दुक्कडम्’चा संदेश एका बोटाने दोनशे जणांना जातो, आणि ज्या चुलतभावाशी दुकानाच्या वाटणीपासून बोलणे नाही त्याच्या नावापाशी बोट थांबते. सर्वांची क्षमा मागणे सोपे. एकाची मागणे अवघड. डॉक्टर स्मिथ एकेका दारी गेले होते.

ॲक्रनच्या सेंट थॉमस इस्पितळाची आठवणही येथेच सांगावयास हवी. दारूच्या रोग्यास त्या काळी इस्पितळे दाखल करून घेत नसत. ऑगस्ट १९३९ मध्ये तेथील प्रवेशिका पाहणाऱ्या सिस्टर इग्नेशिया यांनी डॉक्टरांच्या विनंतीवरून एका मद्यप्याला गुपचूप घेतले आणि नोंदवहीत आजार लिहिला ‘जठराचा तीव्र दाह’. त्याला जागा मिळाली ती रुग्णांसाठी आलेली फुले लावण्याच्या खोलीत. या बाई मूळच्या संगीत शिक्षिका. स्वतः मनाने खचून इस्पितळातील हलक्या कामावर आलेल्या. कदाचित म्हणूनच त्यांना फुलांची खोली सुचली. पुढच्या वर्षांत दोघांनी मिळून सुमारे पाच हजार मद्यप्यांवर उपचार केले, व डॉक्टरांनी त्यासाठी पैसे घेतले नाहीत. यादीतील काही घेणेकरी मरून गेलेले असतात. त्यांचे देणे कोठे भरावयाचे, या प्रश्नाचे हे एक उत्तर म्हणता येईल. जुन्या चोपड्यांत धर्मादाय खाते असे, तसे. इस्पितळातून निघताना सिस्टर प्रत्येकाच्या हाती येशूच्या पवित्र हृदयाचे एक चिन्ह देत व वचन घेत: पुन्हा प्यावेसे वाटले तर आधी हे मला परत आणून द्या.

नोंदवहीतील तो जठराचा दाह मराठी वाचकास ओळखीचा वाटेल. मुलगा व्यसनमुक्ती केंद्रात असताना ‘हैदराबादला नवीन शाखेचे काम पाहतो आहे’ असे सोयऱ्यांना सांगितले जाते. बहिणीचे लग्न ठरावयाचे असते, बाजारात उधारीवर माल उचलावयाचा असतो. सांगणाऱ्या आई-वडिलांना दोष देणे सोपे आहे व अन्यायाचेही आहे. पण केंद्रातून परतलेल्या त्या मुलाला मग हैदराबादच्या हवेविषयी बोलावे लागते. पहिल्याच दिवशी त्याच्या हाती नवे खोटे दिले जाते, आणि खोटे सांभाळण्याची त्याला एकच रीत ठाऊक असते. पुण्यात येरवडा येथे डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू केले, त्यास पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांचे साहाय्य होते. रुग्णाइतकेच त्याच्या घरच्यांशीही बोलले पाहिजे, ही दृष्टी तेथे आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभाही महाराष्ट्रात मराठीतून भरतात. शुल्क नाही, आडनाव विचारीत नाहीत. मद्यप्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ ही वेगळी संघटना आहे. विल्सनची पत्नी लोइस तिच्या संस्थापकांपैकी एक. क्लीव्हलंडला मुलाकडे जाणे ज्यांना शक्य नाही त्यांना येरवडा दूर नाही.

ॲक्रनमधील शेवटचे स्थळ माउंट पीस नावाची दफनभूमी. ॲन स्मिथ १ जून १९४९ रोजी वारल्या, डॉक्टर १६ नोव्हेंबर १९५० रोजी. दोघांची एकच शिळा आहे. तिच्यावर संस्थेचा उल्लेख नाही, कार्याचे वर्णन नाही. केवळ नावे व वर्षे. जूनमधल्या त्या रविवारी सकाळी शेकडो मोटारसायकली गावातून ओळीने येथे येतात. इंजिनांचा तो गडगडाट, छापील सदरे आणि छायाचित्रे काढण्याची घाई पाहून यात्रेच्या गर्दीत देव मागे राहतो त्याची आठवण होते. निवांतपणे जावयाचे असेल तर दुसरा कोणताही महिना बरा. संस्थेत दारू सोडल्याच्या मुदतीची खूण म्हणून लहान नाणी देण्याची प्रथा आहे. लोक ती शिळेवर ठेवून जातात. काही पंधरा, वीस, तीस वर्षांची असतात. काही चोवीस तासांची. कोणते नाणे कोणी ठेवले याची नोंद कोठेही नसते.